तिघांचा जामीन आणि माझ्या पाटल्या

काल तुमचं तेरावं झालं. दारव्ह्याहून वकीलीणबाई आल्या होत्या. तुमच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "साहेब म्हणजे देवमाणूस होते हो." मी मान हलवली. चार माणसांत वाद कशाला घालायचा. पण तुम्हाला म्हणून सांगते, देवमाणसाशी मी संसार केलेला नाही. चहा गार करून पिणाऱ्या, चष्मा कपाळावर सरकवून घरभर शोधणाऱ्या एका हट्टी मॅजिस्ट्रेटशी केला. त्या माणसाशी माझं एक भांडण चालू होतं, आणि ते अर्धवट टाकून तुम्ही उठून गेलात. कोर्टात कधी असं केलं नाहीत.

वर्तमानपत्रात तुमच्यावर चार ओळी आल्या. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, नोकरी कुठे कुठे. सगळं बरोबर छापलंय. पाटल्यांचं त्यात काही नाही, आणि माझं डोकं तर तिथेच अडकलंय.

आठवतं ना तुम्हाला? चीनची लढाई चालू होती. दारव्ह्याला शाळेच्या मैदानावर संरक्षण निधीची सभा होती. तुम्ही वर, तहसीलदारांच्या शेजारच्या खुर्चीत. मी खाली, बायकांच्या सतरंजीवर, पुढेच. एका म्हातारीनं कानातली काढून ताटात टाकली, शाळेच्या बाईंनी अंगठी दिली. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खूण केली नाहीत, ओठ हलवले नाहीत, नुसतं बघितलंत. मी उठले आणि लग्नातल्या पाटल्या काढून ताटात ठेवल्या. एरवी साबण लावल्याशिवाय त्या मनगटावरून उतरत नसत. त्या दिवशी कशा उतरल्या कोण जाणे. टाळ्या पडल्या.

घरी येताना मी विचारलं, "घेतल्यात ना शेवटी पाटल्या?"

"मी कुठे घेतल्या? तू दिल्यास."

"मंग माझ्याकडं पाह्यलं काहून?"

राग आला की मी माहेरची, बोरी अरबची होते, हे तुम्हाला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. नागपूरला शिकलेल्या माणसाला ती बोली ऐकून हसू यायचं. त्या दिवशीही आलं. "बायकोकडे बघायचंही नाही का?" म्हणालात. झालं. तिथून जो वाद सुरू झाला तो इतकी वर्षं पुरला. पाटल्या गेल्याचं मला वाईट वाटलं नव्हतं, खरंच नाही. लढाईत पोरं मरत होती, तिथे माझ्या मनगटाचं काय एवढं. मला फक्त ठरवून हवं होतं की त्या मी दिल्या की तुम्ही घेतल्यात. तुम्ही रोज दहा जणांचे निकाल द्यायचात, पण माझ्या या दाव्यात तुम्हीच एक पक्ष होतात.

पुढच्या वर्षी सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही, बिस्किटं बाळगायची नाहीत. दिग्रसच्या, दारव्ह्याच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. कुणी विड्यांचं दुकान टाकलं, कुणी शिवणकाम धरलं. कायद्यानं एक दार लावलं की माणसं भिंतीला भोक पाडतात. चोरटं सोनं मुंबईकडून येऊ लागलं, असं सगळेच बोलायचे. आणि कापसाच्या हंगामात दिग्रसजवळ ती गाडी पकडली गेली.

गाडी कापसाची होती, जिनिंग कारखान्याकडे निघालेली. कापसाच्या तळाशी परदेशी छापाची सोन्याची बिस्किटं सापडली. तिघांना धरून तुमच्यापुढे आणलं. पहिला एका व्यापाऱ्याचा मुनीम, माल त्याच्या देखरेखीत भरला होता. दुसरा दिग्रसचा एक सोनार, बिस्किटं त्याच्याकडे पोचायची होती म्हणे. तिसरा थावरा, दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यातला गाडीवान. त्याची गाडी, त्याचे बैल, आणि त्याचं म्हणणं एकच, की मी कापूस नेत होतो.

आपलं घर कोर्टाच्या मागेच होतं आणि स्वयंपाकघराची खिडकी कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाकडे उघडायची. त्यामुळे तुमचे निम्मे खटले मी पोळ्या लाटताना बघितले आहेत. तुम्ही घरी कामाचं अवाक्षर काढत नव्हता. पण तुमचा शिपाई गणपत पाणी प्यायला मागच्या दारी यायचा आणि सगळं सांगून जायचा. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत नाही असं दाखवायचात.

त्या दिवशी गणपतनं सांगितलं ते असं. मुनिमाच्या जामिनाला सरकारी वकिलांनी फारशी हरकत घेतली नाही. त्याच्यामागे बाजारातली दोन वजनदार माणसं जामीनदार म्हणून उभी होती. सोनाराचंही घर होतं, दुकान होतं. हरकत घेतली ती थावराच्या जामिनाला. तांड्याचा माणूस, वाडवडील बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आज इथे आहे, उद्या तेलंगणात असेल, याला कुठे शोधायचं?

तुम्ही थावरालाच विचारलंत, "जामीन दिला तर पळून जाशील का?"

थावरा म्हणाला, "कुठं जाईन साहेब? बैल तुमच्यापाशी हायेत."

गाडीबरोबर बैलही जप्त झाले होते. मग त्यानं उलट तुम्हालाच विचारलं, "त्याईले चारा कोन टाकून राह्यलं जी? तांबडा बैल दुसऱ्याच्या हातचं पानी पेत नाही."

कोर्टात हशा पिकला. तुम्ही हसला नाहीत, असं गणपत म्हणाला. तुम्ही तिघांनाही जामीन दिलात. तांड्याचा प्रमुख सक्रू नाईक थावराला जामीन राहिला. बैलगाडीही बंधपत्रावर थावराच्या ताब्यात द्यायला सांगितलीत, कारण बैलांचं म्हणणं कोर्टाला पटलं होतं. हे शेवटचं वाक्य गणपतचं.

त्या दिवशी वरणावर तूप वाढलं नाही मी. तुम्ही ताटाकडे बघितलंत आणि समजलात.

"बोल," म्हणालात.

"माझ्या पाटल्या देशाला दिल्या. आणि देशाचं सोनं चोरणारे जामिनावर घरी. हे बरं आहे."

"चोरलं हे अजून सिद्ध व्हायचंय. निकाल लागेपर्यंत माणूस आपल्या घरी झोपला तर देशाचं काय जातं?"

"आणि पळाले मंग?"

तुम्ही कोरडं वरण भातावर कालवलंत. "पळाले तर माझं जाईल," म्हणालात.

तुमचं जाईल म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. तुमच्याकडे होतं काय? जमीन नाही, घर नाही. एक नाव होतं.

मग तो बोकड आला. त्याच्याबद्दल लिहिताना अजूनही हसू येतंय. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हसणारी बाई म्हणून वकीलीणबाई काय म्हणतील कोण जाणे.

जामिनानंतरची सकाळ. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. तुम्ही आत दाढी करत होतात. फाटकाशी बारा-पंधरा माणसं. सक्रू नाईक पुढे, डोक्याला पागोटं. मागे आरशांच्या कामाचे घागरे घातलेल्या बायका, कोपरापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरलेल्या. थावरा, त्याची बायको जमनी. आणि दोरीला एक धष्टपुष्ट काळा बोकड. त्यांनी तो आपल्या फाटकाला बांधला. जमनीनं पदराखालून गुळाची ढेप काढली, एक खडा तोडून माझ्या हातावर ठेवला. कुणी गूळ दिला की तोंडात टाकायचा, ही आमच्या बोरीची रीत. मी टाकला.

"हे काय?" तुम्ही दारात, अर्ध्या गालावर साबण.

नाईकानं नीट समजावून सांगितलं. "साहेब, आमच्या तांड्यात भांडन झालं का पंच बसते. आमी नसाब म्हनतो. न्याय झाला का बोकड कापते, दोनी बाजूचे लोक एका पंगतीत बसून खाते. मंग ते भांडन खतम. तुमी न्याय केला. हा तुमचा बोकड."

त्यांच्या लेखी खटला संपला होता. माणूस घरी आला, म्हणजे निकाल लागला. जामीन म्हणजे मधलं काही असतं, हे तांड्याला कुठून ठाऊक असणार. आपल्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं आणि फाटकाला बोकड बांधलेला, रस्त्यानं जाणारे थांबून बघतायत. तुमचा चेहरा पांढरा पडला, तो निम्मा साबणाचा आणि निम्मा खरा.

"घेऊन जा. आत्ताच्या आत्ता," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत, पण त्यात काही मागेपुढे बघायला जागा नव्हती. नाईकाचा चेहरा एकदम उतरला. त्यानं दोरी सोडली, बोकड फिरवला, आणि सगळे निघून गेले. ढेपही घेऊन गेले. जमनी दोनदा मागे वळून बघत होती.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू काय चघळतेयस?"

तेव्हापासून कुठल्याही वादात मी वरचढ होऊ लागले की तुम्ही म्हणायचात, "या घरात लाच एकदाच आली, आणि ती हिनं खाल्ली." पाहुण्यांसमोरसुद्धा. मी चिडायचे. आता पाहुण्यांसमोर मला चिडवायला कुणी उरलं नाही, आणि ते मला फार लागतंय.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आत गणपत धावत मागच्या दारी आला. "बाईसाहेब, साहेबाले सांगा, तो गाडीवाला जेलात जायले आला."

मी खिडकीतून बघितलं. कडुलिंबाखाली थावरा घोंगडीची वळकटी मांडीवर घेऊन बसलेला. शेजारी नाईक, तोही घोंगडी घेऊन. जमनीच्या हातात भाकरीचं गाठोडं, आणि ती रडत होती. बोकड परत केला म्हणजे त्यांच्यात न्याय मोडला. त्यांनी रात्री तांड्यात बसून अर्थ लावला की साहेबानं जामीन मोडला. मग थावरानं परत आत जायचं, आणि नाईक त्याला जामीन, म्हणून नाईकानंही जायचं. कुणी बोलवायला गेलं नव्हतं. तेलंगणात पळून जाणारी माणसं दिग्रसहून एस.टी.नं तुरुंगात जायला आली होती.

त्या दिवशी तुम्ही खुर्चीत बसण्याआधी झाडाखाली गेलात. मी पोळी तव्यावर ठेवून खिडकीशी उभी राहिले. पोळी करपली. तुम्ही त्यांना सांगत होतात की जामीन कायम आहे, खटला अजून चालायचाय, तारखेला यायचं, निकाल नंतर.

"मंग बोकड काहून परतोला?" नाईकानं विचारलं.

"आमच्याकडे न्यायाचं जेवण नसतं, नाईक."

नाईकानं घोंगडी खाली ठेवली. मग म्हणाला, "जेवन नाही? मंग लोकाईले कसं समजते, खरा न्याय झाला म्हनून?"

तुम्ही काही तरी बोललात, मला ऐकू आलं नाही. दुपारी जेवताना तुम्ही स्वतःहून ते सांगितलंत, आणि कोर्टातलं घरी सांगण्याची ती पहिलीच वेळ. "नाईक म्हणाला, मग लोकांना कसं समजतं. मला उत्तर देता आलं नाही. निकाल वाचून दाखवतो म्हणालो. तो म्हणाला, वाचलेलं कोण खातं?" आणि तुम्ही खूप वेळ घास हातात धरून बसलात. मी मुकाट्यानं तूप वाढलं.

नाईकाचं म्हणणं लवकरच खरं झालं. लोकांना समजलं नाही, म्हणून लोकांनी आपापलं समजून घेतलं. फाटकाला बांधलेला बोकड अर्ध्या दारव्ह्यानं बघितला होता. परत गेलेला मात्र कुणी बघितला नव्हता. आठवड्याच्या बाजारात गोष्ट पोचली तोवर बोकडाच्या पोटात बिस्किटं शिवलेली होती. बोकडाच्या! भाजीवाली माझ्याकडे बघून हसायला लागली. आणि पहिल्या तारखेला मुनीम आलाच नाही. ज्याच्यामागे दोन वजनदार माणसं उभी होती, तो गेला. त्या दोघांनी जामिनाची रक्कम भरली, हात झटकले आणि पानाच्या दुकानावर जाऊन उभे राहिले. सोनार आला. थावरा आणि नाईक तर कोर्टाच्या आधी आले होते.

आता सगळं थावरावर आलं. सरकारी वकील उघड बोलायला लागले की पहिला गेला, उरलेलेही जातील. वर तक्रार गेली. एक मोठे साहेब येऊन तुमच्याशी दार लावून बोलून गेले. काय बोलले ते गणपतलाही कळलं नाही. तुम्ही बाहेर आलात ते शांत होतात. पण त्या दिवसानंतर तुम्ही फिरायला जायचं बंद केलंत. मला तुमची भीती वाटायला लागली होती, म्हणजे तुमच्यासाठी. आणखी एक माणूस तारखेला आला नाही की तुमचं नाव संपलं, इतकं सरळ होतं ते.

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. आईनं संक्रांतीला माझे हात बघून आपल्या पाटल्या काढून मला दिल्या होत्या. "तुले हायेत माह्या. नवरा देशाचा, पाटल्या माह्या," म्हणाली. लग्नात त्या घालायच्या म्हणून मी पेटीतून काढून पुसल्या. तुम्ही दारात उभे होतात.

"एक मागू?" म्हणालात.

तुम्ही माझ्याकडे कधी काही मागत नव्हता. म्हणून मी ऐकून घेतलं.

"या आत्ता घालू नकोस. खटला संपेपर्यंत. लोक तुझ्या हातांकडे बघतायत."

बहिणीच्या लग्नात मी काचेच्या बांगड्या घालून मिरवले. मावशीनं मांडवात विचारलं, "काय वो, जावयानं जुगारात लावल्या काय पाटल्या?" मी म्हटलं, "हो, लावल्या." आईनं तोंड फिरवलं. येताना बसमध्ये मी तुमच्याशी बोलले नाही. बोरीपासून दारव्ह्यापर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. शेवटी म्हणालात, "या वेळी मी मागितल्या. नुसतं बघितलं नाही." म्हणजे तुमच्याही डोक्यात तो वाद होता. मला बरं वाटलं, पण मी दाखवलं नाही.

मग तारखा. किती तारखा लागल्या त्या खटल्याला! साक्षीदार नाही, साहेब रजेवर, कागद नागपूरला. प्रत्येक तारखेला मी सकाळपासून खिडकीशी. भांडी घासायची तीही खिडकीपाशी ओढून. थावराचं पागोटं झाडाखाली दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा. देवाला मी कधी नवस बोलले नाही, पण त्या कडुलिंबाला मनात खूप काही बोलले आहे.

एका तारखेला तो आला नाही. दुपार झाली, झाडाखाली कुणी नाही. गणपतनं एकदा पुकारा केला, मग दुसऱ्यांदा. सरकारी वकील वॉरंट मागत होते. तुम्ही म्हणालात, शेवटी घेऊ. बाकीची कामं उरकलीत. ऊन उतरलं. तुम्ही घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत. मी हातातला तांब्या खाली ठेवायचा विसरले होते. गणपत तिसऱ्या पुकाऱ्याला बाहेर आला, आणि आवारात एक बैलगाडी शिरली. नाईक हाकत होता, थावरा मागे, तोंडाला फेस आलेला तांबडा बैल. दिग्रसहून निघालेली एस.टी. वाटेत बंद पडली, म्हणून ते मागे तांड्यावर चालत गेले आणि गाडी जुंपून आले होते.

"उशीर झाला जी," थावरा म्हणाला. "बैल पळोले, पन बैलच ते."

तुम्ही सरकारी वकिलांना म्हणालात, "बघा, मुद्देमाल आरोपीला घेऊन हजर झालाय." गणपतनं हे सांगितलं तेव्हा हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्या बैलाला गूळ पाठवला. तो बैलानं खाल्ला, म्हणजे लाच म्हणाल तर ती आपल्याकडून त्यांना गेली.

निकाल तुम्हीच दिलात. थावरा निर्दोष सुटला. कापसाखाली काय आहे हे त्याला माहीत होतं असं कुणालाच दाखवता आलं नाही. सोनाराला शिक्षा झाली, थोडी. मुनीम सापडला नाही. या वेळी तांड्यानं बोकड आपल्या घरी आणला नाही, तांड्यातच कापला. नाईकानं गणपतबरोबर निरोप दिला की साहेब नाही आले तरी पंगतीत त्यांचं एक पान मांडलं होतं. तुम्ही तो निरोप दोनदा सांगायला लावलात.

त्या संध्याकाळी तुम्ही आत आलात आणि म्हणालात, "घाल आता पाटल्या."

"नाही घालत."

"अगं, संपलं ते."

"तुम्ही म्हणाल तेव्हा काढायच्या, तुम्ही म्हणाल तेव्हा घालायच्या? नाही घालत जा."

मग बदली झाली, शेवटी आपण यवतमाळला आलो. दर दिवाळीला तुम्ही एकदा म्हणायचात, मी एकदा नाही म्हणायचे. तो सणाचाच एक भाग झाला होता. भांडण म्हणावं तर त्यात राग उरला नव्हता. मला वाटायचं, अजून पुष्कळ दिवाळ्या आहेत. तुमच्या छातीत दुखलं त्याच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही पडल्या पडल्या म्हणालात, "आता कोण बघतंय तुझ्या हातांकडे? घाल की." मी म्हटलं, "तुम्ही बघताय ना." तुम्ही हसलात. तेवढंच झालं आपलं शेवटचं बोलणं त्या विषयावर.

तुम्ही गेलात त्या दिवशी बायकांनी माझ्या काचेच्या बांगड्या उतरवल्या. वकीलीणबाई काल म्हणाल्या, "सोन्याचं चालतं हो आता, हात अगदी मोकळे बरे दिसत नाहीत." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

काल पंगती उठल्यावर थावरा आणि जमनी आले. दिग्रसच्या बाजारात त्यांना कळलं. नाईक आता फार म्हातारा झालाय, त्याला एस.टी.त चढवत नाही, म्हणून त्यानं यांना धाडलं. थावरा तुमच्या फोटोपुढे खाली बसला. जमनी माझ्याजवळ बसली. तिनं माझं मनगट हातात घेतलं. तांड्यातही नवरा गेला की दंडावरच्या बांगड्या काढतात, तिला सांगावं लागलं नाही.

मग म्हणाली, "बाई, तुमचे हात मी लय पाह्यले."

"माझे?"

"तवा लोक म्हने, साहेबानं सोनं खाल्लं. तांड्यातबी म्हनत. नाईकानं मले सांगलं, तू बाईच्या हाताकडं पाहत जाय. तारखेले आलो का मी पयले तुमच्या खिडकीकडं पाहो. तुमी भांडे घासत राहा. हातात काचंच्या बांगड्या, दुसरं काहीच नाही. मी जाऊन नाईकाले सांगो, हात मोकळेच हायेत. तो म्हने, मंग न्याय खरा हाय, आपन तारखेले येत जाऊ."

मी इकडून त्यांचं पागोटं शोधत होते आणि ती तिकडून माझी मनगटं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुमच्यासाठी गप्प बसले आणि त्याचं कुणाला काही नाही. लोकांना कसं समजतं, हे नाईकानं तुम्हाला विचारलं होतं. तुम्हाला उत्तर सापडलं नाही, आणि उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होतं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं हो. तुम्ही घास हातात धरून बसला असतात पुन्हा. मला आज तुमचा फार राग येतोय, कारण हे ऐकायला तुम्ही नाही आहात.

सगळे गेल्यावर मी पेटी उघडली. आईच्या पाटल्या काढल्या. मनगटं आता बारीक झालीत, साबण लागला नाही.

मैदानातल्या त्या पाटल्या तुम्ही घेतल्या नव्हत्या. मीच दिल्या होत्या. आणि नंतरचे मोकळे हात, तेही मीच दिले. तुमचं म्हणणं मान्य करते, लिहून देते, आता हा दावा मिटला.

तुमच्या फोटोसमोर बसले आहे, दोन्ही हात पुढे करून. घातल्या आहेत. बघा ना आता इकडे.